उताराच्या गल्लीतली पाइपताई

नदी साफ करायची म्हणून सरकारने शहराच्या टोकाला सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र बांधलं, आणि बांधून झाल्यावर लक्षात आलं की त्याला घाणच मिळत नाही. हौद होते, पंप होते, गेटवर शिपाई होता, उद्घाटनाची कोनशिला होती. नदीकाठाने जमिनीखालून, माणूस वाकून चालेल एवढी मोठी पाइपलाइनही गेली होती. पण जुन्या गल्ल्यांतल्या मोऱ्या आणि संडास त्या पाइपलाइनला कुणी जोडलेच नव्हते. ते आपले पूर्वीसारखे उघड्या नाल्यात, आणि नाला नदीत. ताट वाढून तयार, पण घास तोंडापर्यंत न्यायला हात नाही, अशी गत.

हा हात व्हायला ज्यांना नेमलं, त्यांच्यातली एक म्हणजे पाइपताई.

हे नाव तिला लोकांनी चेष्टेने दिलं. त्याआधी ती बारा गावचं पाणी प्यायलेल्या गिऱ्हाइकांना नळ, पाइप आणि वॉशर विकायची. चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे तिची उमेदीची वर्षं गेली होती. कुणाच्या घरी कुठला नळ गळतो आणि कोण पैसे वाचवायला दोरी बांधून काम भागवतो, हे तिला पाठ. नदी प्रकल्पाच्या ऑफिसने घरोघरी जाऊन लोकांना जोडणीसाठी तयार करायची जागा काढली, तेव्हा दुकानाच्या मालकानेच तिला सांगितलं, "ताई, तुम्ही गळक्या नळाच्या माणसाला नवा नळ विकता. नदी काय अवघड?"

नदी अवघडच निघाली. तिच्या वाट्याला आली उताराची गल्ली. वरच्या रस्त्यापासून थेट पाण्यापर्यंत उतरत गेलेली, दोन्ही बाजूंना एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली घरं. ती याच गल्लीत वाढलेली. गल्लीतलं सगळ्यात शेवटचं, नदीला लागून असलेलं घर तिच्या बाबांचं. म्हणून तर ऑफिसला वाटलं, काम चुटकीसरशी होईल. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं सगळ्यात सोपं असतं, हे ऑफिसला कुठून ठाऊक असणार!

पहिल्याच दारात बेकरीवाला भेटला. हाताला पीठ, कपाळाला पीठ.

"माझ्या मोरीचं पाणी जातंय ना? तुंबत नाही ना? मग झालं," तो म्हणाला.

"जातंय, पण कुठं जातंय?"

"ते मी कधी विचारलं नाही. गेलेल्या पाहुण्याला कुणी विचारतं का, पोचलास का म्हणून?"

समोरची शिंपीण निदान बसा तरी म्हणाली. मशीनवरचा पाय न थांबवता तिने विचारलं, "खणणार तुम्ही. बुजवणार कोण? वरच्या गल्लीत फोनवाल्यांनी खणलं, त्याला किती दिवाळ्या होऊन गेल्या, खड्डा अजून तिथंच."

या प्रश्नाचं उत्तर पाइपताईने तोंडाने दिलं नाही. पहिली जोडणी तिने स्वतःच्याच घराची करून घेतली. ती लग्नानंतर गल्लीच्या वरच्या टोकाला राहत होती. कंत्राटदाराची माणसं आली, अंगण उकरलं, पाइप टाकला आणि नेमकी शिंपिणीने सांगितल्याप्रमाणे गायब झाली. तिचा नवरा हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आचारी होता. संध्याकाळी घरी येऊन त्याने दारातला मातीचा ढीग पाहिला आणि म्हणाला, "अगं, नदी साफ व्हायची तेव्हा होवो, आपलं अंगण मात्र नदीत गेलं."

"अहो, बोलू नका. फावडं घ्या."

दोघांनी मिळून चर बुजवला, पाणी मारून माती दाबली, वरून सिमेंट केलं. नवऱ्याला लाटण्याची सवय, त्यामुळे सिमेंटही त्याने पोळी लाटावी तसं गुळगुळीत केलं. सकाळी अख्खी गल्ली बघून गेली. दुसऱ्या दिवशी पाइपताईने ऑफिसात जाऊन अट घातली: आधीच्या घराचा चर बुजल्याशिवाय पुढच्या घराला कुदळ लागणार नाही. तिथले इंजिनिअर साहेब मऊ स्वभावाचे, हो म्हणायला लवकर तयार होणारे. पण एकदा हो म्हटल्यावर त्यांनी कंत्राटदाराला तसं करायला भाग पाडलं, हेही खरं.

त्यानंतर गल्ली हळूहळू हलली. शिंपीण तयार झाली. तिच्यामागे तिची जाऊ, जावेमागे जावेशी न बोलणारी शेजारीण. बेकरीवाला सगळ्यात उशिरा आला आणि आल्यावर असा मिरवू लागला, जणू योजना त्यानेच आणली. टोमण्याने ठेवलेलं पाइपताई हे नाव आता लोक मायेने घेऊ लागले.

पण घराघरातून निघालेला पाइप गल्लीच्या मधून उतरणार आणि खाली काठावरच्या मोठ्या लाइनला मिळणार. मध्ये बाबांचं अंगण. तिथून वाट मिळाली नाही, तर वरची सगळी मेहनत पालथ्या घड्यावर पाणी.

बाबा नावाडी होते. पूल झाला नव्हता तेव्हा सगळं शहर त्यांच्या नावेतून पैलतीरी जायचं. आता वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, पण जीभ अजून वल्ह्यासारखी चालायची. तिने विषय काढताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"नाही," ते म्हणाले.

"बाबा, ऐकून तरी घ्या."

"ऐकलंय. सरकार ही नदी पहिल्यांदा धुतंय का? एकदा गाळ काढला. काढून ठेवला कुठं? काठावर. पहिल्याच पुराने तो उचलून परत नदीत घातला. मग आले काठ सुंदर करायला. कठडा लावतो म्हणाले, दिवे लावतो म्हणाले, तुमचा धक्का तेवढा थोडे दिवस हलवू द्या. मी मान डोलावली. धक्का गेला, नाव बसली, आणि कठड्याला टेकून लोक नाक धरून दिव्यांची शोभा बघतात. एकदा ठेच लागली पोरी. आता मान हलणार नाही."

"ते लोक वेगळे होते."

"आणि तुझे लोक कोण? परवा दिवशी बदली झाली की तेही वेगळेच."

तिला राग आला, पण राग गिळून तिने विचारलं, "मग तुम्हाला काय दाखवलं म्हणजे पटेल?"

बाबांनी नदीकडे पाहिलं. पाणी काळपट, कडेला फेस. "हे सगळ्यांचं पाणी तुम्ही गोळा करून नेता ना? नेऊन खरंच धुता, की पलीकडच्या वळणावर गुपचूप सोडून देता? ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

ही तर साधी गोष्ट. पाइपताईला वाटलं, जिंकले. तिने साहेबांना न विचारताच बाबांना बसमध्ये बसवलं आणि केंद्रावर नेलं. गेटवरचा शिपाई तिला ओळखायचा. हौदांच्या कडेने जाताना ती उत्साहाने सांगत होती: इथे कचरा अडतो, इथे गाळ खाली बसतो, इथे हवा सोडतात. बाबा प्रत्येक हौदात वाकून बघत होते. हवा सोडायच्या हौदात पाणी स्तब्ध होतं. एकही बुडबुडा नव्हता. बाबांनी आयुष्यभर पाणी कुठून कुठे ओढतं हेच पाहिलेलं. ते हौद सोडून आवाजाच्या दिशेने निघाले. कुंपणाच्या कडेला एक लोखंडी दार अर्धं वर उचललेलं होतं, आणि त्याखालून आधी जोडून झालेल्या गल्ल्यांची घाण जशीच्या तशी, धो धो, नदीत पडत होती.

पाइपताईने त्या दाराकडे बोट दाखवलं.

"पंप बंद आहे," तिथला कामगार ओशाळून म्हणाला. "एक जळला, दुसऱ्याचा पार्ट आला नाही. पाणी आत घेतलं तर सगळं वर येईल. म्हणून दार उघडलंय. तात्पुरतं."

"कधीपासून?" तिने विचारलं.

कामगाराने दाराच्या साखळीवर चढलेला गंज दाखवला.

परतीच्या बसमध्ये बापलेक शेजारी बसले होते. बाबा जिंकले होते, आणि त्यांना त्याचा जराही आनंद झाला नव्हता. उतरताना ते एवढंच म्हणाले, "तुला माहीत नव्हतं, हे मला दिसलं. तुझ्यावर राग नाही."

त्याने तर तिला जास्तच लागलं. रागावले असते तर भांडता आलं असतं.

घरी येऊन तिने पर्स खुंटीला अडकवली आणि नवऱ्याला सांगितलं, "दुकानात परत घेतात का विचारते. मी लोकांची अंगणं उकरली, शब्द दिला. त्यांच्या मोरीचं पाणी नाल्याऐवजी पाइपातून नेऊन नदीतच ओतलं असतं. नुसता लांबचा रस्ता दाखवला."

नवरा भाजी चिरत होता. तो चिरतच राहिला. "आमच्याकडे एकदा मोठा बॉयलर बंद पडला. पेशंटना गार जेवण गेलं. मी राजीनामा नाही दिला, मी बॉयलरवाल्याच्या दारात जाऊन बसलो. तो येईना, मी उठेना. शेवटी त्याची बायकोच त्याला म्हणाली, जा बाबा, यांना घेऊन जा." सुरी थांबवून त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू गेलीस तर गल्लीला जाऊन सांगेल कोण? कंत्राटदार?"

सांगायचं होतं, हे खरं. आणि तेच सगळ्यात जड होतं. सकाळी ती दारोदार फिरली. ज्या दारात उभं राहून तिने शब्द दिला होता, त्याच दारात उभं राहून तिने सांगितलं की पाणी धुतलं जात नाही, तसंच सोडतात. शिंपिणीने मशीन थांबवलं. बेकरीवाला लाल झाला. "म्हणजे आम्हाला बनवलं?"

"मलाही बनवलं. मी आत्ता ऑफिसात चाललेय. तुम्ही शिव्या इथे देणार की तिथे? इथे दिल्या तर मी ऐकून घेईन. तिथे दिल्या तर उपयोग होईल."

बेकरीवाल्याने भट्टी बायकोवर सोपवली. शिंपिणीने गळ्यातला टेपही न काढता चप्पल घातली. बघता बघता घोळका जमला.

ऑफिसात गोंधळ उडाला. इंजिनिअर साहेबांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. साहेबांनी आधी सांगून पाहिलं की प्रश्न वरिष्ठ पातळीवर आहे, पाठपुरावा सुरू आहे. पाइपताईने त्यांना मध्येच थांबवलं.

"साहेब, माझी नोकरी तुमच्या हातात आहे, हे मला कळतं. पण यांच्या दारात मी उभी राहिले होते, तुम्ही नाही. पंप बंद आहे म्हणून सांगितलं असतं, तर मी लोकांना थांबा म्हटलं असतं. लोक थांबतात. फसवलेलं मात्र विसरत नाहीत."

साहेब बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी दोनदा वर लिहिलं. उत्तर आलं नाही, म्हणून मीही गप्प बसलो. ते चुकलं."

"मग आता आपण सगळे मिळून गप्प बसू नये," शिंपीण म्हणाली. तिच्या बोलण्यावर खोलीत हसू फुटलं आणि हवा जरा हलकी झाली.

गल्लीने दोन गोष्टी मागितल्या. पंप सुरू व्हावा, आणि आठवड्यातून एक दिवस केंद्राचं गेट लोकांसाठी उघडं राहावं, ज्याला बघायचंय त्याने यावं. पहिल्या मागणीला साहेब प्रयत्न करतो म्हणाले. दुसरीला कचरले, मोठ्या ऑफिसची परवानगी लागेल म्हणाले.

त्या परवानगीने पाइपताईच्या नाकी नऊ आणले. ती मोठ्या ऑफिसात जायची, बाकावर बसायची. तिथले मोठे साहेब मीटिंगमध्ये असायचे, मीटिंग संपली की दौऱ्यावर असायचे. तिथला शिपाई तिला म्हणाला, "ताई, उद्या या." ती म्हणाली, "उद्याही येते, पण आज आलेच आहे तर आजही बसते." कधी बेकरीवाला सोबत यायचा, कधी शिंपीण काजबटणाचं काम घेऊन तिच्या शेजारी बसायची. मोठ्या साहेबांना शेवटी बाकावरची ही मंडळी डोळ्यांत खुपायला लागली. त्यांनी आत बोलावलं, ऐकून घेतलं, खाली फोन लावला. पंप दुरुस्तीची फाइल कुणाच्या तरी रजेमुळे अडली होती. तेवढ्याने जोडलेल्या सगळ्या गल्ल्यांची घाण नदीत जात होती.

पार्ट आला. पंप सुरू झाले. केंद्राच्या गेटवर रविवारी लोकांनी यावं अशी पाटी लागली.

पाइपताईने बाबांना काही सांगितलं नाही. चला म्हणायची तिची हिंमतच नव्हती. पण गल्लीत गोष्ट लपते थोडीच! एका रविवारी ती केंद्रावर लोकांना हौद दाखवत होती, तेव्हा तिला टोकाला ओळखीची पाठ दिसली. बाबा एकटेच बस धरून आले होते. हौदांकडे त्यांनी पाहिलं नाही. सरळ त्या लोखंडी दाराकडे गेले. दार खाली होतं. मग धुतलेलं पाणी जिथून नदीत सुटतं, तिथे जाऊन काठीच्या आधाराने खाली बसले आणि पाण्यात हात घातला, वास घेतला. तिच्याशी न बोलताच परत गेले.

पुढच्या रविवारी परत आले. त्यानंतर रविवार नसतानाही येऊन शिपायाशी हुज्जत घालून आत शिरले. शिपायाने पाइपताईकडे तक्रार केली, "तुमचे वडील इन्स्पेक्टर आहेत का?"

आणि मग एक दिवस सकाळी बाबा काठी टेकत उतार चढून तिच्या घरी आले. गुडघे असे, तरी वर आले. नवऱ्याने खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

"खणा," ते म्हणाले. "पण माझ्या अंगणात चेंबर येणार ना? त्याचं झाकण सिमेंटने बंद करायचं नाही. मला वाटेल तेव्हा मी उघडून बघणार."

"बाबा, वास येईल."

"आयुष्य गेलं त्या वासात. आणि वास आला नाही, तर समजेन की पाणी येतच नाही. तेव्हा तुझ्या साहेबाला धरीन."

साहेबांनी नियमपुस्तक बघतो म्हटलं. मग बघितलं नाही, सरळ हो म्हणाले.

बाबांच्या अंगणात कुदळ पडली आणि हातभर खाली खण्णकन आवाज आला. खडक. कंत्राटदाराच्या मुकादमाने कपाळाचा घाम पुसला आणि पाइपताईला बाजूला घेतलं.

"ताई, हा फोडायचा म्हणजे मशीन आणावी लागेल. मशीन गल्लीत शिरत नाही. आपण असं करू, लाइन इथून वळवून नाल्यात सोडू. तात्पुरती. पुढे बघू."

"तात्पुरती," ती म्हणाली. "या शहरात तात्पुरत्या गोष्टीइतकं दीर्घायुष्य माणसालाही नाही. पाइप नाल्यात जाणार नाही."

"मग काम थांबेल."

"थांबू द्या. मी इथेच बसते."

ती खरोखर चराच्या कडेला बसली. मुकादमाने साहेबांना फोन लावला. साहेब आले, वाकून पाहिलं, आणि या वेळी त्यांनी टेबलावरचा पेपरवेट शोधला नाही. "ताई म्हणतात तसंच," ते म्हणाले. मशीन शिरत नव्हती, म्हणून हाताने फोडायचं ठरलं. छिन्नी आणि घण आले. कामगार आलटून पालटून घाव घालत होते. बाबा ओट्यावरून ओरडत होते, "तिथं नाही, दगडाची शीर बघून मारा, शीर बघून!" नवरा कँटीनमधून सुट्टी घेऊन आला आणि सगळ्यांना जेवू घातलं. बेकरीवाल्याने पाव पाठवले आणि मागून स्वतःही येऊन घण उचलून पाहिला. पहिल्याच घावाला त्याच्या लक्षात आलं की कणीक मळणं वेगळं. खडकाने सगळ्यांचा अंत पाहिला, पण पाइपाला उतार मिळेल एवढी वाट त्याने अखेर दिली.

जोडणी झाली त्या दिवशी भाषण वगैरे काही झालं नाही. वर शिंपिणीने मोरीत बादली ओतली, आणि खाली बाबांनी झाकण उघडून पाहिलं. "आलं!" ते ओरडले. गल्लीत खालपासून वरपर्यंत ते एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं. घाण पाणी आलं म्हणून एवढा आनंद झालेली माणसं त्याआधी कुणी पाहिली नसतील.

नदी लगेच स्वच्छ झाली असं नाही. वरच्या अंगाला अजून कितीतरी गल्ल्या, कारखाने, आणि आणखी एक शहर. लोक पाइपताईला विचारायचे, "काय ताई, कुठे झाली साफ?" ती म्हणायची, "नदीचं मी सांगत नाही. उताराची गल्ली आता नदीत जात नाही, एवढंच सांगते." नाल्याच्या तोंडाशी गाळ वाळून तडकला. उन्हाळा आला तेव्हा शिंपिणीने मागच्या भिंतीतली, लग्न होऊन आली तेव्हापासून खिळे ठोकून बंद असलेली खिडकी उघडली आणि मशीन तिच्यासमोर सरकवलं.

मधल्या काळात पंप आणखी एकदा बंद पडला. या वेळी केंद्राच्या शिपायाने ऑफिसच्या आधी पाइपताईला कळवलं, आणि गल्ली बाकावर जाऊन बसायच्या आत दुरुस्तीची माणसं पोचली. इंजिनिअर साहेबांनी जादाचा पंप मागून घेतला होता. त्यांची बदली झाली तेव्हा जाताना ते बाबांना भेटायला आले. बाबा त्यांना म्हणाले, "तुमच्या जागी येणाऱ्याला माझ्या झाकणाचं सांगून जा."

ऑफिसने पाइपताईला पुढचा भाग दिला: मंडईमागची वस्ती. तिथे कत्तलखाना, मासळीचे गाळे, आणि सगळ्यांचं मिळून एक गटार, सरळ नदीत. तिथल्या लोकांनी सरकारी माणसाला याआधी दोनदा पळवून लावलं होतं. नवरा म्हणाला, "तिथे सुऱ्या असतात हं सगळ्यांकडे."

"तुमच्याकडेही असते. मी घाबरले का कधी?"

पहिल्या दिवशी ती निघाली तर चौकात बाबा उभे. अंगात धुतलेला सदरा, हातात काठी.

"तुम्ही कुठे?"

"तुझं ते ऐकणार नाहीत. तू ऑफिसची. मी त्यांना सांगणार, हिचं ऐकू नका, माझंही ऐकू नका, रविवारी बसमध्ये बसा आणि बघून या."

"आणि बघून आल्यावर नाही म्हणाले तर?"

"तर मी आहे ना. मला हो म्हणायला किती वेळ लागला?"

तिने त्यांचा हात धरला, त्यांनी तो झटकून काठी पुढे टेकली, आणि दोघं मंडईच्या दिशेने चालू लागले.